नल्ल्याची घंटी

कुकटपल्लीच्या आमच्या कॉलनीत नल्ला, म्हणजे नळाचं पाणी, एक दिवसाआड यायचा. सकाळी नऊ ते दुपारी तीन, कधीही. बायका तोटीकडे कान लावून घरात बसायच्या. १९९४ साल होतं. शाळेतल्या विज्ञानाच्या नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन मी एक घंटी बनवली होती. साबणाच्या डबीत ट्रान्झिस्टर, बझर आणि बॅटरी. बाहेर दोन तारा. तोटी उघडी ठेवायची, तारा रिकाम्या बादलीत सोडायच्या. पाणी तारांना लागलं की बझर वाजायचा.

चाळीस डब्या तयार होत्या. शाळा तेरा जूनला उघडणार होती. तोवर विक्री सुरू झाली तर राजीनामा, नाहीतर पुन्हा आठवी ब, असं मी माझ्या नवऱ्याला, विवेकला, सांगून ठेवलं होतं.

जाहिरातीला पैसे नव्हते. म्हणून पहिली घंटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या पद्मावतीबाईंना फुकट दिली. त्यांच्याकडे बायकांची सारखी ये-जा. सगळ्यांनी ऐकावी म्हणून आवाज मोठा ठेवला.

घंटी उत्तम चालली. तीन आठवड्यांत एकही विकली गेली नाही.

समोरच्या उषाला विचारलं, तर ती हसली. "घंटी भारी आहे, टीचर! पद्मावतीबाईंकडे वाजली की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. मग मी कशाला घेऊ?"

चूक माझी होती. वस्तू एका घराची आणि आवाज अख्ख्या गल्लीचा.

"आता नव्या डब्यांचा आवाज कमी कर," विवेक म्हणाला.

"पहिली ओरडतेय तोवर दुसरी कोण घेईल?"

मी एक बटण घेऊन पद्मावतीबाईंकडे गेले. "आवाज कमी-जास्त करता येईल असं करून देते. दुपारी झोपमोड होत असेल."

"झोपेचं सोडा हो! घंटी वाजली की सगळी गल्ली पाणी खेचायला मोटारी लावते. माझी धार दोऱ्याएवढी होते. घंटी माझी, आणि पहिलं पिंप भरतं उषाचं!"

"मग हे डावीकडे फिरवा. फक्त तुम्हालाच ऐकू येईल."

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "टीचर, तुम्ही दिसता तेवढ्या साध्या नाही."

मी बटणाचा स्क्रू घट्ट केला.

गुरुवारी पाणी पावणेअकराला आलं आणि साडेअकराला गेलं. मला कळलं, कारण माझी स्वतःची, बारीक आवाजाची डबी माझ्या बादलीवर होती. गल्लीत मात्र एकही मोटार सुरू झाली नाही. संध्याकाळी उषा आणि आणखी चौघी दारात उभ्या.

"आज वाजलीच नाही! बिघडली काय?"

"नाही. पद्मावतीबाईंच्या दोन्ही टाक्या भरल्यात."

मग पाचही जणी एकदम बोलू लागल्या. मी त्यांचं संपेपर्यंत थांबले आणि आतून पाच डब्या आणल्या.

उषानं डबी उलटसुलट करून पाहिली. "त्या बाईच्या डबीला बटण आहे म्हणे. हिला आहे?"

"आहे."

"कुठल्या बाजूला फिरवायचं, तेवढं आधी दाखवा."

रविवारपर्यंत अकरा घंट्या गेल्या. सोमवारी मी राजीनामा पोस्टात टाकला आणि तशीच पुढच्या गल्लीत गेले. तिथल्या पहिल्या घरी एक घंटी फुकट दिली, पूर्ण आवाजावर लावून. बटण बसवायला तीन आठवड्यांनी जाणार होते.