एक घंटी

“मामा, मागचा ट्रक लई जवळ यायलाय,” मागच्या सीटवरून सून म्हणाली.

“दिसतंय मला.”

दिसत होतं, हे खरं. पण आरशातला ट्रक नक्की किती जवळ आहे, याचा अंदाज देविदासांना आज येत नव्हता. ते चालवायचे त्या एसटीचा आरसा परातीएवढा असायचा. या गाडीचा तळहाताएवढा. त्यांनी ओला हात धोतराला पुसला आणि पुन्हा स्टेअरिंग धरलं.

लक्ष्मीपूजन होऊन दोन दिवस झाले होते. सुट्ट्यांमुळे लातूरपासून रस्ता भरून वाहत होता. अहमदपूर आत्ताच मागे पडलं होतं. पुढे लोहा, नांदेड आणि मग माहूर. नात समीक्षा डेंग्यूतून उठली, तेव्हा आजीनं, कावेरीबाईंनी, रेणुकामातेला पितळेच्या घंटेचा नवस बोलला होता. तो फेडायला निघाले होते सगळे. मुलाला पुण्यात रजा मिळाली नव्हती. फोनवर तो म्हणाला होता, “बाबा, एक दिवसाचा ड्रायव्हर लावा.” त्यावर देविदासांनी फोन बायकोकडे दिला होता. सून बबिता वर्षभर याच गाडीनं शाळेत शिकवायला जात होती. पण सकाळी ती कुलूप लावून येईपर्यंत सासरे स्टेअरिंगमागे जाऊन बसले होते. मग ती मागे जाऊन बसली.

“आबा, तुम्ही बसमधी किती माणसं न्यायचे?” समीक्षानं विचारलं.

“पन्नास. दसऱ्या-दिवाळीला ऐंशी.”

“अन् भ्या वाटायचं न्हाई?”

“आबाला बोलू नको गं,” शेजारी बसलेल्या कावेरीबाई म्हणाल्या. “बसमधी पाटी असायची, चालकाशी बोलू नये.”

“तूच बोलायलीस सकाळपासून,” देविदास म्हणाले.

“मी पाशिंजर न्हाई. तिकीट न्हाई काढलं मी.”

बबिता हसली. देविदासही हसले, पण हसताना नजर रस्त्यावरून हलली का, या शंकेनं लगेच गप्प झाले. भ्या वाटायचं का? एकतीस वर्षांत वाटलं नव्हतं. गाडीला एक ओरखडा नव्हता. ती ऐंशी माणसं पाठीमागे असायची, पण त्यांची नावं ठाऊक नसायची. आज तीनच होती, आणि तिघींचे श्वास त्यांना वेगवेगळे ऐकू येत होते. शिवाय निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत ते इतकं लांब गाडी चालवत गेलेच नव्हते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

समोरून ऊस भरलेली ट्रॉली गेली. एक मोटारसायकल डावीकडून घुसली. देविदासांनी वेग थोडा कमी केला, श्वास सोडला. आता जमतंय असं वाटलं.

मागे समीक्षानं पिशवीतली घंटा काढली आणि एकदाच वाजवली.

ठण्.

देविदासांनी विचार केलाच नाही. कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबते. उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि पुरा दाबला गेला. भर रस्त्यात गाडी जागीच उभी राहिली. पाठीमागे हॉर्न फुटला, टायर ओरडले, आणि ट्रक उजवीकडून इतक्या जवळून गेला की खिडकीत क्षणभर अंधार झाला. काहीतरी कडाडलं.

मग सगळं शांत झालं. त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मागे वळून तिघींकडे पाहिलं. कुणाला खरचटलंही नव्हतं.

पुढे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर चालत आला. विशी-पंचविशीचा होता. “कोणी मधीच बिरेक मारतंय का, ओ काका? लायसन कोणी दिलं तुमाला?”

देविदास खाली उतरले. “चूक माझी हाय,” ते म्हणाले. “तू गाडी लई चांगली काढलीस.”

पोरगा मान हलवून निघून गेला.

“मधी काय आडवं आलं होतं का, मामा?” बबितानं विचारलं.

“घंटी झाली,” ते म्हणाले.

तिला कळलं नाही. कावेरीबाईंना कळलं. देवघरात त्यांनी गेली कित्येक वर्षं घंटी ठेवली नव्हती. लग्न झालं त्या वर्षी हे ड्यूटीवरून येऊन झोपले होते, त्यांनी पूजा करताना घंटी वाजवली, आणि झोपेतच यांच्या पायानं ब्रेक समजून पाण्याची कळशी लाथाडली होती. “मीच फडकं बांधायचं इसरले लोलकाला,” त्या पुटपुटल्या.

उजवा आरसा तुटून मातीत पडला होता. देविदासांनी तो उचलला, गाडीला वळसा घातला आणि किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. कावेरीबाई उतरून मागे नातीजवळ बसल्या, त्यांच्या जागी देविदास.

बबितानं सीट पुढे ओढली, गाडी चालू केली. समीक्षानं घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला होता.

“समू,” देविदास मागे न पाहता म्हणाले, “आता दोनदा वाजव.”

“नको.”

“वाजव. दोनदा वाजली की गाडी निघती.”

ठण् ठण्.

गाडी निघाली. देविदासांनी मांडीवरचा आरसा उपरण्यानं पुसला. पुढे गतिरोधक आला तेव्हा त्यांचा उजवा पाय सवयीनं खाली दाबला गेला. तिथे नुसती रबरी चटई होती. बबितानं गाडी हळू केली, अलगद पार नेली. तरी त्यांनी पाय तसाच दाबून ठेवला, नांदेड येईपर्यंत.