प्याल्याच्या कपाटाचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. खास तुमच्यावर म्हणून नाही, माझा कुणावरच नाही. विश्वास ठेवणारं कुलूप घेऊन लोकांनी करायचं काय?

कोल्हापुरात नबीलाल मिस्त्रींनी मला बनवलं. अंग पितळेचं, कडी पोलादाची. मिस्त्री एरवी मऊ माणूस, पण कुलूप करायला बसले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कानशीने घासता घासता ते मला बजावत, "चांगल्या मानसाला चोर समजायचं, आनि चोराला दुप्पट चोर." माझं शिक्षण काय ते एवढंच झालं, पण पक्कं झालं.

उचगावच्या कडेला एक लहानसं कौलारू चर्च होतं. तिथे व्यासपीठाशेजारी भिंतीत एक सागवानी कपाट होतं, त्याला मला लावलं. आत प्रभुभोजनाचा प्याला आणि भाकरीची थाळी असे. येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांना भाकर मोडून दिली आणि प्याला फिरवला, त्याची आठवण म्हणून इथली मंडळी ठरलेल्या रविवारी तेच करी. सगळ्यांना मिळून प्याला एकच. सतरंजीवर बसलेल्यांच्या हातातून तो पुढच्याच्या हातात जाई.

पाळक दानियलराव उपदेशाला उभे राहिले की मी कान देऊन ऐके. ते सांगत, माणूस जन्मापासून पापी आहे, त्यातून राजा सुटला नाही की रंक. हे ऐकून मला भारी बरं वाटे. हा माणूस आपल्याच जातीचा, असं वाटे. पण पुढे त्यांचं गाडं भलतीकडे वळे. म्हणत, हे पाप कुणाला स्वतःच्या पुण्याईने फेडता येत नाही. देवाच्या पुत्राने ते वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतलं. म्हणून तारण हे दान आहे, पश्चात्तापाने हात पसरायचा आणि घ्यायचं. इथे माझी कडी आखडायची. फुकट मिळतंय म्हटलं की त्यात काहीतरी खोट असणार, असा माझा हिशेब.

माझी किल्ली असे योनाप्पांकडे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात ते सर्वांत जुने. फौंड्रीत मुकादम होते, माणूस सरळ आणि कडक. उन्हाळ्यातही अंगात काळा कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात किल्ली. इतर कुणाच्या हातात त्यांनी ती कधी दिली नाही. म्हणून ते मला त्यातल्या त्यात बरे वाटत.

एकाहत्तर सालची गोष्ट. सगळी मंडळी कागलला एका लग्नाला गेली होती. भर दुपारी एक माणूस खिडकीतून आत आला. त्याचं नाव केरबा, हे मला मागाहून कळलं. त्याने खिशातून तार काढली, माझ्या पोटात घातली आणि क्षणभर डोळे मिटले. हात कसा निवांत होता. मी अडलो, झगडलो, पण त्याने मला बोलता बोलता उघडलं. प्याला पिशवीत घातला आणि जाताना मला पुन्हा लावून गेला.

हे लावून जाणं फार वाईट झालं. रविवारी कपाट उघडलं तर प्याला गायब, आणि कुलूप जसंच्या तसं. मग काय, किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे वळले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मागे मात्र कुजबुज सुरू झाली की कुंपणच शेत खातंय. योनाप्पांची बायको शालूबाई नळावर गेली की तिथल्या बायका गप्प होत. मला खरा चोर ठाऊक होता, पण कुलपाला वाचा कुठली? आणि खोटं कशाला बोलू, वाचा असती तरी योनाप्पांची हमी मी घेतली नसती.

पुढे केरबा प्याला घेऊन गुजरीतल्या सराफाकडे गेला. सराफाने कानशीने ओरखडा काढून पाहिला, तर चांदीचा नुसता मुलामा, खाली पितळ. सराफालाही संशय आला, त्याने पोलिसांना सांगितलं. प्याला ओरखड्यासकट कपाटात परत आला आणि केरबा कळंब्याच्या तुरुंगात गेला. योनाप्पांची माफी मात्र कुणी मागितली नाही. मागणार तरी कशी? संशय कुणी उघड घेतलाच नव्हता ना. त्या दिवसापासून योनाप्पा मंडळीत बसत, पण एकटे बसल्यासारखे बसत.

नाताळात पाळकसाहेब कैद्यांना गाणी ऐकवायला कळंब्याला जात. तिथे त्यांनी केरबाला गाठलं. तो मान वर करीना. तेव्हा पाळकसाहेब त्याला म्हणाले, "प्याला परत आला. तू कवा येतोस?" एवढंच बोलून ते पुढे गेले. हे त्यांनी स्वतःच वडीलमंडळाला सांगितलं. बैठक माझ्यासमोरच व्हायची.

आणि सुटल्यावर केरबा खरंच आला. दारापाशी, चपलांच्या शेजारी बसला. पुढच्या रविवारपासून बायका आपापल्या चपला मांडीजवळ घेऊन बसू लागल्या. मला त्यांचं कौतुक वाटलं. तो शिरोलीला एका कारखान्यात वाळू चाळायचं काम करी, दर रविवारी धुतलेला सदरा घालून येई आणि शेवटचं गीत संपलं की कुणाशी न बोलता निघून जाई. मी त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. एवढा गरीब होऊन बसतोय म्हणजे डाव मोठा असणार, असं माझं मत होतं.

वर्षभराने त्याने बाप्तिस्मा मागितला. बैठकीत योनाप्पा म्हणाले, "मानूस नाव बदलंल, धर्म बदलंल. हात न्हाय बदलत." त्यांचं म्हणणं होतं की आधी आणखी एक वर्ष केरबाने चर्च झाडावं, अंगण सारवावं, मग बघू. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं की झाडलोटीने पाप फिटत असेल तर मग वधस्तंभाची गरज काय होती. बाकीच्यांनी होकार दिला आणि ईस्टरचा रविवार ठरला. योनाप्पा जाताना माझ्याजवळ थांबले आणि मला हिसका देऊन बघून गेले. आम्हा दोघांचं मत एकच होतं.

ईस्टरला चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी केरबाच्या डोक्यावर पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला बाप्तिस्मा दिला आणि पुढच्या सतरंजीवर बसवलं. आता प्रभुभोजन, ते बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळे. नव्या माणसाचा मंडळीच्या मेजावरचा पहिला दिवस. पाळकसाहेबांनी योनाप्पांकडे किल्लीसाठी हात केला.

योनाप्पा उभे राहिले. खिसे चाचपले. किल्ली सापडत नाही म्हणाले, सकाळपासून सापडत नाही. आज प्रभुभोजन राहू द्या, पुढे बघू.

मित्रांनो, माझी किल्ली माझ्यापासून लपत नाही. ती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. ते उठले तेव्हा ती बटणावर आपटल्याचं मी ऐकलं. ज्या माणसावर मी त्यातल्या त्यात भरवसा टाकला होता, तो देवाच्या घरात उभा राहून खोटं बोलत होता.

कुणीतरी हातोडी आणायला निघालं. तेव्हा तानाबाई बोलली. ही बायकांच्या रांगेत पुढे बसणारी म्हातारी, जिभेला हाड नसलेली. म्हणाली, "फोडतासा कशाला? उघडनारा हितंच बसलाय की."

सगळे केरबाकडे बघू लागले. त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "मी कुलपाला हात लावनार न्हाय. आन घेतलीया मी." त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांदेखत मला उघडलं असतं तर हात तोच आहे हे लोक जन्मभर विसरले नसते. न उघडावं तर ज्या मेजासाठी एवढी वाट पाहिली ते हातोडीचे घाव घालून मांडलं जाणार होतं.

पाळकसाहेब त्याच्याजवळ वाकले. "केरबा, बाप्तिस्मा काय नुसत्या डोक्याचा झाला व्हय? हाताचा बी झाला की."

केरबाने दोन्ही हात सदऱ्याला पुसले. मग उठला. तानाबाईने केसातला आकडा काढून दिला. तो माझ्यापुढे आला आणि मी सगळा जोर लावून अडलो, कारण अडणं हे माझं काम आहे. पण मला एक गोष्ट जाणवली. चोरी करताना न थरथरलेला हात आता थरथरत होता. आकडा दोनदा निसटला. शेवटी मी उघडलो. केरबाने आत हात घातला नाही. तो मागे सरला आणि जागेवर जाऊन बसला.

भाकर मोडली गेली. प्याला फिरत केरबापर्यंत आला. तो प्यायला आणि त्याने प्याला शेजारी धरला. शेजारी योनाप्पा होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मला चालत न्हाय आज," ते म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. "किल्ली जवळच हुती. तुझ्यापायी माझ्या बायकूला नळावर कोन बोलत नव्हतं, केरबा. ती अजून त्या नळावर जात न्हाय. मला न्हाय सोडवत त्ये."

लोकांच्या माना खाली गेल्या. नळावर गप्प राहणाऱ्या बायका तिथेच होत्या, कुजबुजणारे पुरुषही तिथेच होते. केरबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "व्हय, आप्पा. त्ये माझ्या हातनं फिटनार न्हाय. कितीबी झाडलं तरी न्हाय फिटनार." आणि प्याला तसाच धरून राहिला. प्याला जड, धरून धरून कलायला लागलेला. आता सांडणार असं वाटलं तेव्हा योनाप्पांनी खालून हात लावला. दोघांच्या हातात तो थोडा वेळ राहिला. मग योनाप्पा प्यायले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब भरात येऊन म्हणाले की आता या कपाटाला कुलूपच नको. मी हादरलो. माझी बाजू घेतली ती केरबाने. "असू दे कुलूप. सगळी मानसं माझ्यासारखीच म्हनून तुमीच शिकवलासा की." योनाप्पा बऱ्याच वर्षांनी मोठ्याने हसले आणि किल्ली त्याच्यापुढे धरून म्हणाले, आता तू सांभाळ. केरबाने ती परत त्यांच्या खिशात घातली. "मला किल्ली कशाला, आप्पा?"

पुढे मी कितीतरी वर्षं त्या कपाटावर लोंबकळलो आणि केरबाच्या हातांवर नजर ठेवून राहिलो. काही गेलं नाही. तरी माझी अजून पूर्ण खात्री नाही. आता लोखंडी कपाट आलंय आणि मी खिडकीत गंजत पडलोय. मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं कुलूप घरात असेल तर फेकू नका. त्याला थेंबभर तेल घाला, दाराला लावा आणि संशय घ्यायचं काम त्याच्यावर सोडून द्या. माझ्या अंगात संशय इतकी वर्षं राहिला, माझं काही बिघडलं नाही, मी पितळ आहे. योनाप्पा माणूस होते. त्या रविवारी प्याला पिऊन झाल्यावर ते घरी गेले, आणि संध्याकाळी शालूबाईची घागर स्वतः उचलून तिला त्या नळावर घेऊन गेले.