पळालेली ढोलकी

कोल्हारात नगर-मनमाड रस्त्याला लागून कल्याणचं दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, मागे एक खोली. त्या खोलीच्या भिंतींना अजून गोधड्या ठोकलेल्या आहेत, कारण एके काळी ती खोली म्हणजे स्टुडिओ होता. भारुडाची पार्टी, लग्नाचा बँड, नगरचे कव्वाल, पोतराज, ओव्या म्हणणाऱ्या बायका, सगळे त्या गोधड्यांमध्ये बसून गायले आणि त्यांच्या कॅसेटी यात्रेत, उरुसात, रसवंतीच्या गुऱ्हाळांवर वाजल्या. पुढे कॅसेटी संपल्या आणि स्टुडिओही बंद पडला. मूळ रेकॉर्डिंगची स्पूलं मात्र कल्याणने फेकली नाहीत. लोखंडी कपाटात ती पुस्तकांसारखी उभी होती.

त्याची मुलगी अश्विनी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून घरी आली आणि पुढच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघता बघता तिने ते कपाट उघडलं. जुन्या स्पूल मशीनला नवा पट्टा घातला आणि एकेक अल्बम कॉम्प्युटरवर उतरवायला सुरुवात केली. गाण्यातलं तिला फार कळत होतं असं नाही. पण प्रश्न पडायचे.

"पप्पा, खोली तर हीच. मग कव्वालीत ती मोठी कशी वाटते?"

"कव्वालीला टाळ्या असतात. गोधडी टाळी खाऊन टाकते. म्हणून कव्वालीला एका भिंतीच्या गोधड्या उतरवायचो."

"आणि पोतराजाला?"

"पोतराजाला अंगणात बसवलं होतं. आत आसूड वाजला की मशीनचा आवाज दाखवणारा काटाच मोडायचा."

पोरगी स्पूलं उतरवतेय ही बातमी पाथर्डीपर्यंत गेली. एके दिवशी रंगनाथचा फोन आला. "अश्विनी, 'प्रवराकाठ' सापडली का गं? आठीच्या आठी गाणी मोबाईलवर टाक. माझा गळा तर आता गेला. नातवंडांना वाटतंय, आजोबा थापा मारतो."

'प्रवराकाठ' सापडली होती. रंगनाथ ऊसतोडीला दरवर्षी पाथर्डीहून इकडे यायचा. नदीकाठी त्याच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या आणि संध्याकाळी तो गायचा. ते ऐकून कोल्हारचा बाबाजान ढोलकी घेऊन जायला लागला, पुणतांब्याचा गोरक्ष पेटी घेऊन. देवीच्या जागरणाला गवळणी आणि उरुसाला कव्वाली, दोन्हीकडे हे तिघेच. ऊसतोडीचा एक हंगाम संपला त्या संध्याकाळी कल्याणने त्यांना स्टुडिओत बसवलं आणि एका बैठकीत आठ गाणी रेकॉर्ड केली. एका बाजूला गवळणी, दुसऱ्या बाजूला कव्वाल्या. कॅसेट निघाली तेव्हा मात्र तिच्यात सातच गाणी होती.

आठव्याचं काय झालं, हे सांगायला बाबाजान स्वतःच दुकानात आला. सून जहिरा त्याला स्कूटीवर घेऊन आली होती. पांढरी दाढी, हातात काठी, आणि बोटं अजून लांबसडक. खुर्चीवर बसायच्या आधीच तो म्हणाला, "पोरी, सात टाक. आठवं टाकू नको."

"का, चाचा?"

"त्यात मी पळालोय."

अश्विनीला कळलं नाही. कल्याणने झेरॉक्स मशीनवरून मान न उचलता सांगितलं, "लय सोडून ढोलकी पुढं गेली. शेवटच्या गाण्यात. ऐकलं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं."

"पुन्हा नाही का केलं रेकॉर्ड?"

"पुन्हा कवा करणार?" बाबाजान म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी ट्रकात बसली. पुढच्या वर्साला दुसऱ्या कारखान्यानं उचलली त्यांना. सात गाण्यांची कॅसेट निघाली, अन् आठवं, जे सगळ्यात चांगलं हुतं, ते माझ्यापायी गेलं." त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "रंगनाथ कधी एक शबूद बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. गोरख्या बोलतो. कुठं लग्नात दिसला की लांबूनच हाक मारतो, या, पळते बाबाजान!"

अश्विनी आत चहा करायला गेली तेव्हा जहिरा मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "त्यानंतर अब्बांनी कोणाच्या गाण्याला ढोलकी धरलीच नाही. टायरचं दुकान टाकलं. पण दर उरुसाला खुंटीवरची ढोलकी उतरवतात, दोऱ्या ओढून सुरात लावतात, आणि परत टांगून ठेवतात. वाजवत नाहीत."

बाहेर बाबाजान उठत होता. जाता जाता तो थांबला. "कल्याण म्हणतो, तू मशीनवर आवाज मोजतीस. खरं हाय का?"

"हो."

"मग मोज. मला तवा वाजवताना कळलंच न्हाई की मी पळतोय. हाताला कळाय पायजे का न्हाई? इतक्या वर्सांत तेच डोक्यात हाय. पळालो असंल तर पळालो म्हण. उगं म्हाताऱ्याला गोड बोलू नको."

"नाही बोलणार," अश्विनी म्हणाली. नंतर तिला वाटलं, असं चटकन कबूल करायला नको होतं.

मोजायला तसं काही अवघड नव्हतं. पडद्यावर ढोलकीची प्रत्येक थाप सुळक्यासारखी उभी दिसत होती. दोन सुळक्यांमधलं अंतर म्हणजे लय. गाण्याच्या पहिल्या निम्म्या भागात सुळके एकसारखे, जणू फुटपट्टीने आखलेले. मग मध्यावर ते जवळ जवळ यायला लागले आणि शेवटापर्यंत तसेच दाटीने राहिले. तिने पुन्हा मोजलं. मशीनचा नवा पट्टा सैल आहे का ते तपासलं, आधीची सात गाणी मोजली. ती सगळी व्यवस्थित होती. म्हणजे आत्ताच्या मशीनचा दोष नाही. चाचा खरोखर पळाले होते.

त्या दिवशी ती जेवायला बसली आणि भाकरी मोडून नुसतीच बसून राहिली.

"काय निघालं?" कल्याणने विचारलं.

"पळालेत."

"मी सांगितलं होतं."

"मी त्यांना काय सांगू?"

"सांगू नको काही. स्पूल खराब झालंय म्हण."

"शब्द दिलाय पप्पा."

कल्याणने ताटात भाजी वाढून घेतली. "मग सांग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गाणं नुसतं ऐकत बसली. मोजायचं काही उरलं नव्हतं. गाणं सुंदर होतं. रंगनाथचा आवाज शेवटाकडे असा काही तापत जात होता की ढोलकी पळाली तर पळाली, असं वाटावं. गाण्याबरोबर गुणगुणून बघू, म्हणून तिने मोबाईलवर पेटीचं ॲप उघडलं आणि गाण्याचा सा शोधला. पहिली काळी पट्टी, काळी एक. छान जुळला. तो सूर तसाच धरून ती ऐकत राहिली. गाणं मध्यावर आलं आणि मोबाईलचा सूर गाण्याला टोचायला लागला. शेवटी शेवटी तर सहन होईना. तिने लागूनची वरची पट्टी दाबली, पांढरी दोन. तीच जवळजवळ जुळली.

ती सरळ बसली.

रंगनाथ काका जोशात येऊन वर चढले असतील, हे होऊ शकतं. गळा आहे. पण पेटी? गोरक्षची पेटीसुद्धा वर चढली होती. पेटीचे सूर आतल्या धातूच्या पात्यांतून येतात. भाता जोरात मारला तर आवाज मोठा होतो, पण काळी एकची पांढरी दोन कोणाच्या बापाला करता येत नाही. आणि लय जेवढी वाढली होती, बरोबर तेवढ्याच प्रमाणात सूर वाढला होता. माणसं अशी मोजून मापून चुकत नाहीत. अशी चूक एखादं चाक करतं.

शेवटची खात्री बाकी होती. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक घूं असते, सेकंदाला पन्नास कंपनांची. गाण्याखाली ती दबलेली असते, पण शोधली तर सापडते. अश्विनीने ती शोधली. गाण्याच्या सुरुवातीला घूं पन्नासाची होती, शेवटी त्रेपन्नाच्या आसपास. विजेची घूं ढोलकीवाल्याचं ऐकून पळत नाही.

"पप्पा!" ती ओरडली. पुढे झेरॉक्सला उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा दचकलं.

रंगनाथला पाथर्डीहून बोलावलं. दुपारच्या एसटीने तो आला, गळ्याला मफलर, आवाज नुसता खर्ज. बाबाजानला जहिराने आणून सोडलं. दोघं म्हातारे गोधड्यांच्या खोलीत समोरासमोर बसले आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. आठव्या गाण्याचं नाव कोणी काढेना.

अश्विनीने सरळच सुरुवात केली. "चाचा, तुम्ही पळाला नाहीत. मशीन मंदावलं होतं."

"मंदावलं तर गाणं मंद वाजंल ना, पोरी. पळंल कसं?"

"रेकॉर्ड करताना मंदावलं. टेप हळू सरकली, म्हणून थोड्या टेपमध्ये जास्त गाणं भरलं गेलं. तीच टेप ऐकताना नेहमीच्या वेगाने फिरली की आतलं सगळं घाईत बाहेर येतं. ढोलकी, पेटी, गळा, सगळं. म्हणून तर पेटीसुद्धा काळी एकवरून पांढरी दोनला चढलीय."

"पण मंदावलं कशानं?" कल्याण म्हणाला. ते मशीन त्याने मोठ्या हौसेने आणलं होतं.

रंगनाथ मफलर सारखा करत होता. "त्या दिशी बल्ब पिवळा पडला हुता," तो हळूच म्हणाला. "मी वर बघून गात हुतो. मला वाटलं, वीज जाती का काय. गाणं पुरं होऊ दे म्हणलं देवा. म्हणून जोर लावला."

कल्याण त्याच्याकडे बघत राहिला. नदीकाठच्या शेतांची वीज तेव्हा संध्याकाळी यायची. आली की काठावरच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या, विजेचा दाब उतरायचा आणि गावातले बल्ब कंदिलासारखे व्हायचे. हे कोल्हारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पिवळा बल्ब आणि पळालेली ढोलकी यांची गाठ कोणी घातली नव्हती.

"स्टॅबिलायझर घ्यायचा राहिला होता," कल्याण म्हणाला. "हिची आई तेव्हा रोज सांगायची." मग बाबाजानकडे न बघता, "चूक माझ्या मशीनची होती, चाचा. नाव तुमचं झालं."

बाबाजानने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. "तुमी सगळी चांगली माणसं हाय. मला बरं वाटावं म्हणून बोलताय. पेटीबी चढली म्हणतीस ना? मग गोरख्याला फोन लाव. तो मला बरं वाटावं म्हणून काय बी बोलायचा न्हाई."

स्पीकरवर पुणतांब्याहून गोरक्षचा आवाज गरजला. "बोला, पळते बाबाजान!"

"गोरख्या, एक इचारतो. त्या आठव्या गाण्यात तुझी पेटी शेवटाला अर्धा सूर चढलीय."

"काय?"

"टेपात ऐकतोय. काळी एकला सुरू झाली अन् पांढरी दोनला संपली."

"तुझे कान गेलेत का? पेटी काय रबराची हाय? ती काय तुझी ढोलकी हाय पळायला? माझ्या पेटीनं उभ्या जल्मात सूर सोडला न्हाई! टेप खोटं बोलतोय!"

"खोटं बोलतोय?"

"शंभर टक्के!"

"पेटीच्या बाबतीत खोटं बोलतो, अन् ढोलकीच्या बाबतीत खरं?"

फोनवर मागे कुठेतरी म्हैस ओरडली. रंगनाथने तोंडावर मफलर धरला होता. हसून त्याचे खांदे हलत होते.

"म्हंजे," गोरक्ष सावकाश म्हणाला, "आपण दोघं बी चढलो का दोघं बी न्हाई?"

"दोघं बी न्हाई. मशीन मंदावलं हुतं. कल्याणची पोरगी म्हणती."

"अरारा." गोरक्ष खाकरला. "बाबाजान, मग आता तुला हाक काय मारू रे मी?"

"बाबाजान मार. आधीपास्नं तेच नाव हाय."

फोन ठेवल्यावर बाबाजानने डोळे पुसले आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. जहिरा दारात उभी होती. तिने पुढे होऊन पाण्याचा ग्लास दिला. तो त्याने एका दमात संपवला आणि इतका लांब श्वास सोडला की कल्याणलाही नकळत खुर्चीला पाठ टेकवावीशी वाटली.

अश्विनीने विजेच्या घूंला फुटपट्टी मानून गाणं नीट ताणून घेतलं होतं. घूं सगळीकडे पन्नासावर आणली तशी पेटी काळी एकवर बसली आणि ढोलकीचे सुळके शेवटापर्यंत एका रांगेत उभे राहिले. तिने ते लावलं. रंगनाथचा पस्तिशीतला आवाज गोधड्यांमधून आला आणि म्हातारा रंगनाथ त्याच्याबरोबर नुसते ओठ हलवत राहिला. बाबाजान डोळे मिटून ऐकत होता. मध्य आला, जिथे तो पळाला होता. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली. टेपमधल्या थापेत आणि त्या बोटांत अश्विनीला कुठे अंतर सापडलं नाही, आणि मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

गाणं संपलं.

"टाकू ना आठवं?" तिने विचारलं.

"टाक." बाबाजान काठी शोधत उठला. "पण शेवटी नको. ते पहिलं टाक." दारात जाऊन तो वळला. "रंगनाथ, एसटी सुटली तरी चालंल तुला. आज घरी चल. ढोलकी सुरातच हाय."