एकवीस दिवसांची नोटीस

नोटीस इंग्रजीत होती, आणि आर्णीच्या जिनिंग प्रेसच्या चौतीस लहान भागधारकांपैकी तेहतीस जणांना इंग्रजीचा ए सुद्धा येत नव्हता. चौतिसावा धर्मपाल. तो मॅट्रिक झालेला, प्रेसच्या काट्यावर बसून कापसाचं वजन लिहिणारा. साहजिकच सगळे आपापली नोटीस घेऊन त्याच्यापाशी आले. त्याने ती खडाखडा वाचून दाखवली. वाचून झाल्यावर फिटर सरदारने विचारलं, "म्हंजे काय रे?" आणि धर्मपाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. वाचता सगळं येत होतं, कळत काही नव्हतं. मॅट्रिकच्या पुस्तकात राजे होते, फुलपाखरं होती, कंपनी नव्हती.

ही माणसं भागधारक कशी झाली तेही सांगून टाकतो. बारा वर्षांपूर्वी प्रेस उभा राहिला तेव्हा रोकड कुणापाशीच नव्हती. कुणी कापूस दिला, कुणी बांधकामावर राबला आणि त्याबदल्यात शेअर घेतले. काहींनी शुभ म्हणून ते घरच्या लक्ष्मीच्या नावावर केले. धर्मपालच्या बापाचा, उकंडाचा, उजवा हात सरकी काढायच्या रेच्यात गेला. त्याची भरपाई म्हणून त्याला सहा शेअर मिळाले. बाप गेल्यावर ते धर्मपालच्या नावावर चढले.

संध्याकाळी प्रेसचा भोंगा झाला तसा तो तडक रहमत चाचांकडे गेला. रहमत चाचा यवतमाळच्या एका वकिलाकडे तीस वर्षं मुन्शी होते. इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येणार नाही, पण कायद्याचा इंग्रजी शब्द कुठलाही विचारा. त्यांनी नोटीस डोळ्यांशी धरली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचली.

"वायंडिंग अप," ते शेवटी म्हणाले. "कंपनी मोडून राह्यले बेटा. आजपासून एकवीस दिवसांनी बैठक. मशिनी इकायच्या."

मशिनी कुठे जाणार ते सांगायची गरज नव्हती. कंपनीचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांच्या मुलाने अमरावतीला नवा प्रेस काढला होता. इथल्या चाळीस घरांच्या चुली या प्रेसवर पेटत होत्या. दुसऱ्या गावात धर्मपालला हमाली मिळाली असती. काट्यावरची खुर्ची त्याच्या वस्तीतल्या पोराला कुणी दिली नसती. इथेही ती बापाच्या हातावर मिळाली होती.

"चाचा, थांबवता येते काय?"

"शिकशील तं येते."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. चाचांजवळ कंपनी कायद्याचं, छप्पन साली झालेल्या त्या नव्या कायद्याचं, पानं सुटलेलं पुस्तक होतं. शिकवायची पद्धत मात्र तऱ्हेवाईक. धर्मपाल शब्दाचा अर्थ सांगू लागला की ते खेकसत, "अर्थ कायले सांगतं? कोन, कवा आन किती, ते सांग!" कोरम म्हणजे किती माणसं. प्रॉक्सी म्हणजे कोणाच्या जागी कोण, आणि कागद किती तास आधी पोचला पाहिजे. शेअरहोल्डर, डायरेक्टर, लिक्विडेटर, रिझोल्यूशन. धर्मपाल कापसाच्या गाठी मोजता मोजता पुटपुटत असे आणि गाडीवाले एकमेकांना खुणा करून हसत. हसोत बापडे.

सातव्या दिवशी वाट सापडली. कंपनी मोडायला साधा ठराव चालत नव्हता, स्पेशल रिझोल्यूशन लागत होतं, आणि त्याला विरुद्ध मतांच्या तिप्पट मतं हवी होती. हात वर करून मत घेतलं तर माणशी एक मत. पोल मागितला तर चिठ्ठीवर मत, आणि ज्याचे जितके शेअर तितकी त्याची मतं. एक हजार शेअरपैकी बापूसाहेबांच्या घरातल्या सहा जणांकडे सहाशे नव्वद होते. बाकीचे तीनशे दहा या चौतिसांचे.

"हातानं घ्या का चिठ्ठीनं घ्या, तिप्पट होतच नाही!" धर्मपाल ओरडला.

"पोल कोन मांगते?" चाचांनी थंडपणे विचारलं.

"पाच मेंबर."

"कवा?"

"निकाल सांगाच्या आंधी, नाही तं सांगताबरोबर. त्याच्यानंतर नाही."

त्याने घरोघर जाऊन सगळ्यांना समजावलं. बापूसाहेबांचे दिवाणजीही घरोघर फिरत होते, बायकांचे अंगठे प्रॉक्सीच्या कागदावर घ्यायला. ज्यांच्या नावावर शेअर होते त्या चौघींना धर्मपालने गाठलं: तांड्यावरची रुपीबाई, बोहरणपुऱ्यातल्या हजराबी आणि अकीला, आणि त्याच्या वस्तीतली कांताबाई. "अंगठा देऊ नका. सोता या," एवढंच त्याचं म्हणणं.

"आमी बाया येऊन काय करू?" रुपीबाईने विचारलं.

"नुसत्या बसा."

पुरुषांनी तर शपथाच घेतल्या. सरदारची शपथ सगळ्यांत मोठ्या आवाजात. धर्मपाल त्या रात्री बऱ्याच दिवसांनी निवांत झोपला.

बैठक सकाळी अकरा वाजता प्रेसच्या गोदामात भरली. अमरावतीहून कंपनीचा वकील आला होता. बाया मागे दाराशी बसल्या. बापूसाहेब आले आणि सगळे उठून उभे राहिले. ते होतेच तसे. यातल्या निम्म्यांच्या घरच्या लग्नांत ते स्वतः उभे राहिलेले. बसण्याआधी त्यांनी गड्याला खूण केली. गड्याने तबक पुढे धरलं आणि बापूसाहेब रांगेरांगेने फिरून स्वतःच्या हाताने एकेकाला सुपारी देऊ लागले.

धर्मपालला तेव्हा कुठे आठवलं. या गावात सोयरिकी सुपारीवर पक्क्या होत, बांधाची भांडणं सुपारीवर मिटत. वडीलधाऱ्याच्या हातची सुपारी घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. एकवीस दिवस तो कायदा शिकला आणि गाव विसरला! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला. पण त्याच्या मते तरी आता इलाज नव्हता. सरदारने दोन्ही हात पुढे केले, मान खाली घातली, सुपारी तोंडात टाकली. त्याच्या शेजाऱ्याने तेच केलं.

तबक धर्मपालपर्यंत आलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच वर्षं होत आली होती. त्याच्या घराने जुन्या रीती कधीच सोडल्या होत्या, तबकाने सोडल्या नव्हत्या. त्याची कानशिलं तापली. नेहमीच तापत.

वकिलाने ठराव इंग्रजीत वाचला, मग मराठीत. "मंजूर असेल त्यांनी हात वर करावा."

बापूसाहेब एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. आधी त्यांच्या घरचे सहा हात वर गेले. मग सरदारचा, कोपरापर्यंतच, पण गेला. मग एकामागून एक. धर्मपालने मोजलं. एकोणतीस पुरुष, एकोणतीस हात. घरचे सहा धरून पस्तीस. विरुद्ध उरले पाच, म्हणजे पंधरा मतांत ठराव पास होत होता.

"तर हा ठराव," वकील उठला, "आवश्यक बहुमताने..."

"पोल!" धर्मपाल उभा राहिला होता. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "पोल मांगतो मी. निकाल सांगाच्या आंधी मांगतो."

वकिलाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. काट्यावरच्या कारकुनाच्या तोंडी हा शब्द त्याने ऐकला नसावा. त्याने पुस्तक उघडलं, पान काढलं. "एकट्याला मागता येत नाही. पाच सदस्य लागतात."

"मालूम हाये."

धर्मपालने सरदारकडे पाहिलं. सरदार जमिनीकडे पाहत सुपारी चघळत होता. धर्मपालने एकेका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एकाचीही मान वर आली नाही. त्याला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

"बस धर्मपाल," बापूसाहेब म्हणाले. रागाने नाही, घरातल्या पोराला म्हणावं तसं. "झालं आता."

बसायला गुडघे वाकलेच होते त्याचे. तेवढ्यात त्याची नजर दाराशी गेली. तबक तिकडे फिरकलंच नव्हतं. बायांना बैठकीत सुपारी द्यायची रीतच नव्हती.

"रुपीबाई!" तो ओरडला. "तुमाले सुपारी भेटली काय?"

"आमाले कोन देते बाप्पा?"

"मंग उठा!"

रुपीबाई बांगड्या सावरत उठली. अकीलाने पदर दातांत धरला आणि उठली. हजराबी भिंतीचा आधार घेत उठल्या. चार झाले. कांताबाई बसूनच होती. तिचा दीर सरदारच्या मागे बसला होता आणि मान वळवून तिच्याकडे डोळे वटारत होता. वकिलाने घड्याळ काढलं.

"चार," वकील म्हणाला. "चारच आहेत. तेव्हा निकाल..."

"थांबा जी," कांताबाई म्हणाली, आणि उभी राहिली.

मग गाठींच्या आडोशाला टेबल ठेवून चिठ्ठ्या झाल्या. मंजूर असेल तर गोल, नामंजूर असेल तर फुली. चिठ्ठीवर नाव होतं, पण मोजणारे दोघेच: परगावचा वकील आणि धर्मपाल. बापूसाहेबांच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा नव्हता. एकेक पुरुष आडोशाला गेला आणि कुणाकडे न पाहता परत आला. धर्मपालने दोनदा मोजलं. बाजूने सातशे चार. विरुद्ध दोनशे शहाण्णव. सरदारच्या चिठ्ठीवर एवढी मोठी फुली होती की कागद फाटला होता.

ठराव पडला. वकिलाने तो निकाल कोरड्या आवाजात वाचला. माणसं एकेक करून निघून गेली. बापूसाहेब खुर्चीवरच बसून होते. धर्मपाल त्यांच्यासमोरून जायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"तुले सुपारी देली नाही काय रे मी?"

"नाही."

"चुकलं. द्याले पायजे होती."

"देली असती तं मी बी उठलो नसतो, बापूसाहेब," धर्मपाल म्हणाला. आणि हे बोलताना त्याला रडू आलं, कारण ते खरं होतं.