यंत्र लावण्याआधी

माझी मुलगी डार्सी आठवडाभर झोपली नव्हती, म्हणून ट्रक मी चालवला. शेरीफच्या कचेरीत तिची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी होती. त्यातून पार पडली तर डेप्युटीची, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाची नोकरी, नाहीतर परत धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर.

माझा मेहुणा लोरेन तिला चिडवायचा, की बुटात खडा ठेव, दर प्रश्नाला टोचून घे, म्हणजे यंत्राला वाटेल ही पोरगी जन्माचीच घाबरट आहे. मी एवढंच सांगत होतो की तुझ्यात लपवण्यासारखं काही नाही, विचारतील ते सांग. तिची आई अर्डिथ असती तर तीही हेच म्हणाली असती. तिला जाऊन एक हिवाळा झाला. आमच्या घरात बिअरची बाटली कधी आली नाही, ती तिच्यामुळे.

मी कचेरीबाहेर ट्रकमध्ये थांबलो. डार्सी फार लवकर परत आली. तोंड पांढरंफटक.

"झालं?"

"अजून वायरीच लावल्या नाहीत."

यंत्र लावण्याआधी परीक्षक सगळे प्रश्न वाचून दाखवतो. मनात काही असेल तर आत्ताच सांगा, म्हणतो. घाबरलेली पोरं तिथेच सगळं ओकतात. डार्सी नशेच्या प्रश्नावर अडली आणि जरा हवा खाऊन येते म्हणून बाहेर आली होती.

"डॅड, मी गांजा ओढलाय. मागच्या वर्षी."

"कुणाबरोबर?"

ती काचेबाहेर बघत राहिली. "मॉमबरोबर."

पुढचं तीच सांगत गेली. कॅन्सरच्या केमोनंतर अर्डिथच्या पोटात काही ठरत नव्हतं, गोळ्या लागू पडत नव्हत्या. अर्डिथनेच तिला कोलोरॅडोला पाठवलं. तिकडे दुकानात मिळतो, आमच्या कॅन्ससमध्ये गुन्हा. मी शेतावर गेलो की दोघी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जायच्या. एकटीने ओढायला अर्डिथला चोरासारखं वाटायचं, म्हणून पोरीलाही ओढायला लावायची.

"तुला सांगायचं नाही म्हणाली. म्हणाली, तो सरळ पास्टरकडे जाईल."

गेलोच असतो मी.

एका संध्याकाळी अर्डिथने दोन ताटं नूडल्स खाल्ल्या होत्या. त्या रविवारी मी चर्चमध्ये उभा राहून ती जेवली म्हणून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले होते. मी विचारलं, "त्या नूडल्स?"

डार्सीने होकारार्थी मान हलवली.

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. चाळीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो, ती बाई मला एकदम अनोळखी वाटली.

"सांगितलं तर नोकरी जाईल," डार्सी म्हणाली. "आणि मॉमचं नाव कागदावर येईल. शेरीफ आपल्याच चर्चमधला. गप्प बसले तर यंत्र बोलेल."

"तू तिथे खोट्यानेच सुरुवात करणार का?"

"नाही."

"मग जा. तिच्या नावासकट सांग."

ती गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. परीक्षकाने ऐकून घेतलं, हात मिळवला आणि सांगितलं की या भरतीत आता काही होणार नाही, काही वर्षांनी पुन्हा अर्ज कर. वायरी लावल्याच नाहीत.

मी ट्रक सुरू केला आणि बंद केला.

"शेडमध्ये ती काय करायची?"

"हसायची, डॅड. ट्रॅक्टरचं चाक धरून, पोट दुखेपर्यंत."

आजारपणाच्या सबंध वर्षात मी तिला एकदाही हसताना पाहिलं नव्हतं.