मालनचं ‘पारंपरिक’ गाणं

‘कोरांटी’ ग्रुपची निवडक बारा गाणी एका अल्बममध्ये काढायचं कंपनीने ठरवलं, तेव्हा नावांची यादी तपासायला जयवंत परबांकडे आली. ग्रुपमधले तेवढेच उरले होते. ढोलकीवाला चिंतामणी करोनात गेला, आणि बाईच्या आवाजातली सगळी गाणी म्हणणारी सुचित्रा त्याच्याही आधी. एके काळी लालबाग-परळात कोरांटीची कॅसेट लावल्याशिवाय कुणाची हळद लागत नसे.

यादीतल्या चौथ्या गाण्यावर जयवंतांचं बोट थांबलं. ‘माडाक हळद’. पुढे छापलं होतं, गीत : पारंपरिक.

“हे तुझ्या आईने केलंय,” ते मुलीला, अनुजाला म्हणाले.

अनुजा शाळेच्या गॅदरिंगमध्ये याच गाण्यावर नाचली होती. तेव्हा आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

मग जयवंतांनी सगळं सांगितलं. एक्क्याण्णव साली कॅसेट निघाली, तेव्हा मालन नवी नवरी होती. डबे भरता भरता चार कडवी तिने रचली होती. पण सुनेचं नाव कॅसेटच्या दुकानात टांगलेलं सासऱ्यांना चालणार नव्हतं. त्यांची गिरणी बंद पडलेली, घरात आधीच धुसफूस. जयवंतांनी कंपनीला पारंपरिक लिहायला सांगितलं. मालननेही त्या वेळी हूं की चूं केलं नव्हतं.

“आता नाव घालूया,” जयवंत मालनकडे वळून म्हणाले. पस्तीस वर्षं ही गोष्ट त्यांना खात होती, हे तिला त्या दिवशी कळलं.

ती बघू म्हणाली. मनातून मात्र सुखावली. दुपारी कुणी नसताना तिने कॅलेंडरच्या कडेला पेनाने लिहून पाहिलं, ‘गीत : मालन परब’. अक्षर बरं आलं नाही म्हणून खाली पुन्हा एकदा लिहिलं.

त्या रविवारी कॉटन ग्रीनला तिच्या भाचीची हळद होती. चाळीच्या पटांगणात मांडव, कोपऱ्यात डीजे. जेवणासाठी डीजेवाले उठले तशा म्हाताऱ्या बायका नवरीभोवती बसल्या आणि त्यांनी ‘माडाक हळद’ धरलं. मालनही त्यांच्यात बसून गाऊ लागली.

दारातल्या माडाक गो, हळदीचो हात लावा...

तिसऱ्या कडव्याला ती म्हणाली, “चेडू चललां सासराक, डोळ्यांत इलां पाणी.”

शेजारच्या मीराबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली. ऐंशी ओलांडलेल्या, देवगडकडच्या.

“तसां नाय गो. माड मोजता पावलां, असां म्हण. आमच्या आजयेचां गाणां ह्यां. उगाच मोडू नको.”

मालनची कानशिलं तापली. हे माझं आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण बायका पुढे गात होत्या, आणि सगळ्याच जणी तीच ओळ म्हणत होत्या.

चेडू चललां सासराक, माड मोजता पावलां.

ती ऐकत राहिली. तिसऱ्या कडव्यात तिला तेव्हा काही सुचलंच नव्हतं. रेकॉर्डिंगची गाडी खाली उभी, सासूबाई डब्यासाठी हाका मारतायत, म्हणून तिने ‘डोळ्यांत इलां पाणी’ घालून कडवं उरकलं होतं. सुचित्राने ते जीव ओतून म्हटलं म्हणून निभावलं. पण जेव्हा जेव्हा कॅसेट लागे, तेव्हा मालन नेमकी त्या ओळीला काहीतरी निमित्त काढून आत जायची. आणि कुठल्या तरी हळदीत, कुठल्या तरी बाईने ती ओळ नीट करून ठेवली होती.

तिने मीराबाईंना विचारलं, ही ओळ कुणी शिकवली? त्या म्हणाल्या, पहिल्यापासून अशीच आहे.

घरी आल्यावर तिने जयवंतांना नाव घालू नका म्हणून सांगितलं. ते वैतागले. नाव घालायची मेल कालच गेली होती. आता कंपनीतल्या मुलीला काय सांगायचं? लोक नाव घालण्यासाठी भांडतात. अनुजा तर आईशी तावातावाने वाद घालायला लागली. तुम्ही बायका अशाच मागे राहता, म्हणाली.

मालनने तिला बोलू दिलं. मग म्हणाली, “तेव्हा मी घाबरून गप्प बसले. आज घाबरत नाही. पण त्यातली सगळ्यात चांगली ओळ माझी नाही गं, आणि जिची आहे तिचं नाव मला ठाऊक नाही. मग माझं एकटीचं कसं लिहू?”

दुसऱ्या दिवशी जयवंतांनी कंपनीला फोन केला.

महिन्याभराने अल्बम मोबाइलवर आला. चौथ्या गाण्यापुढे पारंपरिक असंच होतं. अनुजाला ते अजून पटलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मालननेही ते दोनदा वाचलं.

त्या संध्याकाळी चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या हॉलमध्ये तिघं ऐकत बसली होती. सातवं गाणं सुरू होताना ढोलकीच्या आधी कुणीतरी खुदकन हसलं.

“सुचित्रा,” जयवंत म्हणाले. “चिंतामणीने गरम वडा तोंडात कोंबला होता, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. थुंकताही येईना, गिळताही येईना. तशीच ढोलकी वाजवली त्याने.”

अनुजाने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं. जयवंत पुढे झुकून ऐकू लागले, आणि मालन चहा टाकायला उठली होती ती परत बसली.