चांदोबामागची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आकाश पाहणारी नव्हे. मी पेन्सिलीहून बारीक, आणि तुम्ही सगळे जन्माआधी ज्या खोलीत राहिलात, त्या आईच्या गर्भाशयात डोकावणारी. एका कारागिराने माझी भिंगं घासली, नळीत बसवली आणि मला डोळ्याला लावून खिडकीबाहेरचं झाड पाहिलं. ते माझं पहिलं दृश्य.

आत जाताना माझ्याबरोबर मिठाचं पाणी वाहतं. मिटलेली खोली हळूहळू उघडते, गुलाबी भिंती दिसतात. मला नेहमी वाटे, आपण झोपेत पोहतो आहोत.

एकदा कपडे शिवणारी एक बाई आली. कित्येक महिने तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. डाग पडू नये म्हणून मशीनपुढच्या खुर्चीवर जाड निळं कापड घडी करून ती त्यावर बसे. गोळ्या झाल्या, क्युरेटिंग म्हणजे पिशवी आतून खरवडणं झालं, गुण नाही.

"पिशवी काढून टाक एकदाची. कटकट मिटेल," सोबत आलेली थोरली बहीण म्हणाली.

"मला अजून एक लेकरू हवंय गं, ताई."

पण ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याआधी एकदा पाहू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला आत पाठवलं. बाई जागी होती, मला दिसणारं सगळं दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत होती.

"सगळं स्वच्छ दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईचा चेहरा उतरला. काही सापडलं नाही म्हणजे पिशवी जाणार. पडद्याकडे बोट करून तिने विचारलं, "डॉक्टर, वरचा तो चांदोबा कसला?"

"तो हवेचा बुडबुडा. पाण्याच्या नळीतली हवा काढायची राहिली. चुकलंच माझं."

त्यांनी हवा काढून घेतली. चांदोबा मावळला आणि त्याच्यामागे देठाला लोंबणारी मऊ गाठ दिसली. क्युरेटिंगचं हत्यार आंधळं, ते हिच्या शेजारून निसटून गेलं होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी बारीक कात्रीने देठ कापला. गाठ तपासणीत साधी निघाली. रक्त थांबलं, पिशवी राहिली.

पुढे कुणीतरी मला इतर हत्यारांबरोबर ट्रेमध्ये टाकलं आणि माझ्या भिंगावर ओरखडा उठला. नवी दुर्बीण आली, मी कपाटात गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, नाजूक वस्तू हळू हाताळा. आणि घरात कुणी सोसत गप्प बसली असेल, तर 'बायकांचं चालायचंच' म्हणू नका. तिला विचारा.

परवा ती बाई डॉक्टरीणबाईंना सहज भेटायला आली. माझ्यासाठी तिने गवसणी शिवून आणली होती, धुतलेल्या जाड निळ्या कापडाची.

"खुर्चीवरचं आहे," ती म्हणाली. "आता लागत नाही मला."